मला न्यूट्रल करू नका

मी एक जुना अर्थिंगचा पाइप आहे. मित्रांनो, फुटकी छत्री, गंजलेली सायकल, शाळेची घंटा अशा पुष्कळांच्या कहाण्या तुम्ही वाचल्या असतील. ती बिचारी मंडळी हळव्या आवाजात बोलतात आणि शेवटी डोळे पुसतात. मला ते जमायचं नाही. मी रागावलेलो आहे आणि रागातच बोलणार आहे. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात, प्रेमराज पाटलांच्या गोठ्याच्या कोपऱ्यात मी उभा पुरलेला आहे. जमिनीच्या वर माझं डोकं तेवढं चार बोटं दिसतं, त्यामुळे गोठ्यात झालेलं सगळं मी पाहिलं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडाचा पत्रा तापवून गोल वळवला, कडा जोडल्या आणि मग मला वितळलेल्या जस्तात बुडवून काढलं. मी चांदीसारखा चकाकत बाहेर आलो. अमळनेरच्या एका दुकानात आम्ही वीसेक भाऊ भिंतीला टेकून उभे होतो. त्यातले बरेच हातपंपाला गेले, काही मळ्यात पाणी वाहायला गेले, एकाच्या नशिबी तर शाळेच्या झेंड्याचा खांब होणं आलं. मला नथ्थूनाना घेऊन आले. नथ्थूनाना म्हणजे गावचे जुने वायरमन. चष्म्याला दोरी, खांद्याला रेक्झिनची पिशवी आणि तोंडात कायम दुसऱ्याच्या कामाला नावं.

अकरा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. प्रेमराजचं नवं घर बांधून झालं होतं आणि मेघा नुकतीच लग्न होऊन आली होती. नानांनी माझ्या अंगाला भोकं पाडली, गोठ्याजवळ पुरुषभर खोल खड्डा खणून घेतला, त्यात मला उभं केलं आणि भोवती कोळसा नि मीठ यांचे थर दिले. डोक्याला हिरवी वायर आवळली. ती वायर घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूपर्यंत गेली: पाण्याची मोटर, कूलर, फ्रीज, घरगुती पिठाची चक्की. खड्ड्याच्या काठावर उभी राहून मेघा पाहत होती. तिनं विचारलं, "नाना, या पाइपनं काय काम?"

नाना खूश झाले. त्यांना कधी कोणी प्रश्न विचारत नसे.

"देख पोरी," ते म्हणाले, "लाल वायरमाईन करंट येस, काळी वायरमाईन परत जास. काळीले न्यूट्रल म्हनतस. ती रोज काम करस. हिरवीले काहीच काम नही शे. ज्या दिन तिले काम पडी, त्या दिन फ्यूज उडालेच पाहिजे. उन्हाळामा या पाइपले बादलीभर पानी टाकत जाय."

मेघानं ते लक्षात ठेवलं. दर उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी मला तिच्या हातून मिळत आलं. घरातल्या बाकीच्यांना मी कोण हे ठाऊकसुद्धा नव्हतं. प्रेमराज माझ्या डोक्यावर पाय ठेवून बूट पुसायचा.

तुम्हाला वाटेल, बिनकामाचा पडून असलेला पाइप कसला ऐटीत बोलतोय! तर ऐका. चार वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी प्रेमराजची आई पुष्पाबाई मोटर लावून बैल धूत होती. मोटरच्या आतली तार जळली आणि आतला करंट मोटरच्या लोखंडी अंगावर आला. पुष्पाबाईचा ओला हात त्याच मोटरच्या नळीवर होता. हिरव्या वायरीनं तो करंट उचलून माझ्याकडे लोटला, मी जमिनीत रिचवला, इतका मोठा भार एकदम गेल्यामुळे फ्यूज फाडकन उडाला आणि लाइन बंद पडली. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. पुष्पाबाईला काही कळलंही नाही. प्रेमराज मात्र आतून ओरडला, "हाऊ फ्यूजच भंगार शे!" मला कोणी शाबासकी दिली नाही. मला ती नकोही होती. त्या दिवशी माझं मलाच बरं वाटलं.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

गेल्या वर्षी होळी झाल्यानंतर घरातले दिवे मंद पडायला लागले. पंखे रेंगाळत फिरायचे, टीव्ही मधेच बंद व्हायचा. कारण अगदी साधं होतं. गल्लीच्या तोंडाच्या खांबावर न्यूट्रलच्या तारेचा जोड गंजला होता. काळ्या वायरीतून परत जाणाऱ्या करंटची वाट अडली होती. वीज कचेरीत एक अर्ज द्यायचा, लाइनमन येऊन जोड बदलून गेला असता. पण अर्ज द्यायला तालुक्याला कोण जाणार? प्रेमराजला फोनवर व्हिडिओ बघायची सवय होती आणि गल्लीत तो हुशार म्हणून गणला जायचा. अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायला वेळ लागत नाही.

एका सकाळी तो पक्कड घेऊन मीटरच्या पेटीशी उभा राहिला. मेघा म्हणाली, "नथ्थूनानाले बलावा ना."

"नथ्थूना काळ गया," तो म्हणाला. "न्यूट्रल बी शेवट जमिनमाच जास, अर्थिंग बी जमिनमाच जास. मंग दोन्ही एक करात त काय बिघडस?"

आणि त्यानं तारेचा एक तुकडा घेऊन काळी वायर नि हिरवी वायर एकमेकींना जोडून टाकल्या. दिवे लख्ख लागले. पंखे भिरभिरले. पुष्पाबाई ओट्यावरून ओरडली, "ओ माय, कितला उजेड पडना!"

मित्रांनो, त्या दिवसापासून घरभराचा करंट माझ्या अंगातून जाऊ लागला. मी रिकामा होतो म्हणून कामाचा होतो, हे त्या शहाण्याला कळलंच नाही. काय झालं ते नीट समजून घ्या. काळ्या वायरीतून करंट रोज वाहतो, पण तिला कोणी हात लावत नाही, ती रबराच्या आत असते. हिरवी वायर मात्र कूलरच्या, मोटरच्या, चक्कीच्या उघड्या लोखंडाला बांधलेली असते, आणि त्या लोखंडाला बायका, मुलं, गुरं दिवसभर हात लावतात. तिच्यात करंट नसतो म्हणूनच हे चालतं. दोघींना एक केलं की परत जाणारा करंट त्या लोखंडातही उतरतो. माती ओली असेल तर मी बराचसा गिळतो. माती सुकली की मला तो गिळता येत नाही, मग तो मागे सगळ्या लोखंडावर चढून बसतो. आणि फ्यूज? फ्यूज उडत नाही. त्याच्या दृष्टीनं घरात सगळं सुरळीत चाललेलं असतं. राखणदाराला ओझ्याला जुंपलं तर राखण कोण करणार, एवढाही विचार त्या माणसानं केला नाही.

पण माझं कौतुक किती झालं म्हणता! आधीच्या दहा वर्षांत झालं नव्हतं एवढं. गल्लीतली माणसं मला बघायला आली. पुष्पाबाईनं माझ्या डोक्याला हळदकुंकू लावलं. दिवे जरा मंद झाले की प्रेमराज खुर्चीतून म्हणायचा, "अर्थिंगले पानी टाक," आणि पुष्पाबाई मिठाचं पाणी घेऊन अनवाणी माझ्याजवळ यायची. ती पाणी ओतायची, घरात दिवा उजळायचा आणि मी मनातल्या मनात शिव्या द्यायचो. मला शिव्या येतात, पण तुमच्यासमोर देत नाही. ज्या पाइपमधून चालू करंट वाहतो आहे, त्याच्या डोक्यावर ओल्या पायांनी उभं राहून पाणी ओतायचं! तिचं नशीब म्हणून ती वाचत होती, आणि पोटचा मुलगाच तिला पाठवत होता.

चार जणांनी प्रेमराजला घरी बोलावून आपापल्या घरीही तशीच जोडणी करून घेतली. त्यांत भिंतीपलीकडची बेबाबाईही होती. बेबाबाई म्हणजे दहा वर्षांच्या नातीला सांभाळणारी एकटी बाई. तिच्याकडे रोज अर्धा लिटर दूध पुष्पाबाईच्या म्हशीचं जायचं.

त्या म्हशीचं नाव चांदी. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून चांदी. माझ्यापासून सहा हातांवर तिचा खुंटा होता आणि मोटरच्या लोखंडी नळीला जोडलेला एक लोखंडी टब तिच्यापुढे असायचा. मोटर लावली की टब भरायचा. पुष्पाबाईचा सगळा जीव त्या म्हशीत. मुलगा ऐकत नाही, सून बोलत नाही, पण चांदी हाकेला मान वळवते, असं ती येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची.

चैत्र संपायच्या सुमाराला चांदीनं पाणी सोडलं. टबाजवळ तोंड न्यायची, नाकपुड्या फुगवायची आणि मागे सरायची. खुंट्याला ओढ देऊन माझ्यापासून लांब उभी राहायची. तहानेनं तिची जीभ बाहेर येई, तरी टबाला तोंड लावत नसे. दूध निम्म्यावर आलं. माणसाच्या पायात चप्पल असते, म्हशीचे चारही खूर ओल्या मातीत असतात आणि तिचं मऊ नाक थेट लोखंडाला लागतं. तुम्हाला मुंगी चावल्यासारखं वाटतं तिथं तिला चाबूक बसतो. ती बिचारी महिनाभर जिवाच्या आकांतानं सांगत होती. शिकलेल्या माणसांच्या घरात ते कोणाला ऐकू आलं नाही.

"बेबानी नजर लागनी मनी चांदीले," पुष्पाबाई म्हणाली. "मंगळवारले म्हने, कितलं दूध देस तुनी म्हैस!"

झालं. मीठमिरच्या ओवाळून झाल्या, चांदीच्या गळ्यात काळा दोरा आला, बिब्बा बांधला गेला, आणि बेबाबाईचं दूध बंद झालं. ती भांडं घेऊन दारात आली तर पुष्पाबाईनं दार लोटून घेतलं. तिची नात दोन दिवस रिकामं भांडं घेऊन येत राहिली, मग तीही यायची थांबली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच. आग माझ्या डोक्यावर बांधलेल्या तारेत होती, आणि पाणी पडत होतं एका गरीब बाईच्या अब्रूवर.

घरातल्या लोखंडानंही कमी सांगितलं नव्हतं. मेघा म्हणायची, "टबले हात लावा का मुंग्या येतस. कूलर बी चिमटा काढस." त्यावर प्रेमराजचं उत्तर ठरलेलं: "चप्पल घालीसन हात लाव." मग त्या घरात कूलरपुढे चपला ठेवल्या गेल्या, फ्रीजपुढे लाकडी पाट आला, आणि चक्कीशी बसताना बायका पायाखाली गोणपाट घेऊ लागल्या. मला सांगा, घरात चोर शिरला तर तुम्ही त्याला हाकलता की त्याच्यासाठी पाट मांडता?

खरी गोष्ट एकटीच्या लक्षात आली ती मेघाच्या. एका दुपारी गावाची लाइट दोन तास गेली. चांदीनं टबात तोंड घातलं आणि अर्धा टब रिकामा केला. लाइट आली, ती मागे सरली. पुढच्या काही दिवसांत मेघानं हे तीन वेळा पाहिलं आणि मग सगळ्यांसमोर सांगितलं, "लाईट गयी का चांदी गटागटा पानी पेस. लाईट उनी का तोंड फिरावस. तिले नजर नही लागनी, टबमा करंट शे."

"म्हैसले काय समजस लाईटमधलं?" प्रेमराज हसून म्हणाला. "आनि तुले बी."

मी तेव्हा ओरडू शकलो असतो तर गाव गोळा केलं असतं. त्या दिवसापासून मेघा चांदीला प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी पाजू लागली, आणि घरातल्या मेन स्विचपुढची अडगळ तिनं हलवून ठेवली.

मे महिन्यातला तो दिवस. आपल्याकडचं ऊन तुम्हाला मी काय सांगू! दुपारी बाराला गोठ्याचा पत्रा कडकडत होता. मेघा दोन दिवस माहेरी दोंडाईच्याला गेली होती आणि नुकतीच परत आली होती. ती नसताना चांदीला बादली कोणी दाखवली नव्हती. माझ्या भोवतीची माती भेगाळली होती. आणि नेमका त्याच दुपारी खांबावरचा तो गंजलेला जोड पुरता तुटला. आता घरातला सगळा करंट परत जायला एकच वाट उरली, ती म्हणजे मी. कोरड्या मातीत मी त्याला कुठं नेणार? आत कूलर चालू होता, फ्रीज चालू होता. पुष्पाबाईनं म्हशीसाठी मोटरचं बटण दाबलं. करंट अपुरा होता, मोटर नुसती घरघरली, नळीतून धार बारीकच आली.

तहानेनं वेडी झालेल्या चांदीनं पाण्याचा आवाज ऐकला आणि तोंड टबात घातलं. तिचं नाक टबाच्या काठाला लागलं. तिचे चारही पाय एकदम ताठ झाले आणि ती आडवी कोसळली. तिचं मुस्कट टबावरच राहिलं.

"चांदी! मनी चांदी!" पुष्पाबाई ओरडत धावली. पाय अनवाणी, हात ओले. अंगण ओलांडायला तिला किती वेळ लागणार?

मेघा ओट्यावर होती. ती गोठ्याकडे आली नाही. ती उलटी घरात धावली. पुढे महिनाभर गावातल्या बायका कुजबुजत होत्या, की सासू म्हशीसाठी जीव टाकत होती आणि सून घरात पळाली. मी सांगतो ती कुठं पळाली ते. पुष्पाबाईचा हात चांदीच्या गळ्यापासून वीतभर लांब होता तेव्हा मेघानं मेन स्विच खाली ओढला. माझ्या अंगातली धग एकदम थांबली. पुष्पाबाईचा हात चांदीच्या मानेवर पडला आणि तिला काहीही झालं नाही. चांदी मात्र गेलेली होती.

प्रेमराज आला तेव्हा म्हणाला, उष्माघात झाला असेल. ऊन काय कमी आहे! मेघानं मेन स्विचला कोणाला हात लावू दिला नाही आणि फोन करून नथ्थूनानांना बोलावलं.

नाना आता बहात्तर वर्षांचे. धापा टाकत आले. मीटरची पेटी उघडून त्यांनी तो जोड पाहिला आणि खाली बसले. मग उठून त्यांनी सगळ्यांना अंगणाच्या बाहेर उभं केलं, स्विच वर केला आणि टेस्टरचं टोक टबाला लावलं. टेस्टर भर दुपारी लाल पेटला. नानांनी प्रेमराजकडे पाहिलं.

"प्रेमराज, चप्पल काढ आनि टबले हात लाव."

"नाना, काहीतरीच काय..."

"का रे? तूच म्हनस ना, दोन्ही एकच शे? लाव हात!"

प्रेमराज जागचा हलला नाही. अंगणाबाहेर गल्ली जमली होती.

"तू चप्पल काढाले घाबरस," नाना म्हणाले, "मंग चांदीना पायमा कोनती चप्पल व्हती रे?"

पुष्पाबाईनं पदर तोंडाला लावला. नानांनी मेन स्विच पाडला आणि तो तारेचा तुकडा तोडून अंगणात फेकला. काळी वायर काळीच्या जागी गेली आणि हिरवी माझ्याकडे परत आली. दुसऱ्या दिवशी प्रेमराज आयुष्यात पहिल्यांदा अर्ज घेऊन तालुक्याला गेला. त्याच संध्याकाळी लाइनमन आला, खांबावर चढला, जोड बदलला आणि उतरला. मित्रांनो, त्याला वीस मिनिटं लागली. हे वीस मिनिटांचं काम होतं! मला राग कशाचा येतो ते आता तुम्हाला कळलं असेल. चांदीला कोणा दुष्टानं मारलं नाही. "काय बिघडतं?" एवढ्या दोन शब्दांनी मारलं.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या घरात कूलरला, मोटरला, फ्रीजला हात लावून मुंग्या येत असतील तर त्या वस्तूला हात लावू नका आणि गप्पही बसू नका. मोठ्यांना सांगा, जाणता वायरमन बोलवायला लावा, स्वतः मात्र पेटीत बोट घालू नका. मोठी माणसं हसली तर पुन्हा सांगा. न्यूट्रलला त्याचं काम करू द्या आणि मला माझं. माझ्या डोक्यावर कुंकू नको, उन्हाळ्यात एक बादली पाणी टाका, तेही कोणा जाणत्यानं माझी तपासणी केल्यावर.

प्रेमराज अजून एका गोष्टीबद्दल तोंड उघडत नव्हता. गल्लीतल्या आणखी चार घरांत त्याच्याच हातच्या जोडण्या होत्या. तिथं जाऊन सांगायचं म्हणजे चांदी का मेली तेही सांगावं लागणार. तो लाज झाकत बसला आणि त्या चार घरांतले माझे भाईबंद तापत राहिले.

लाइनमन गेला त्याच संध्याकाळी मेघा उठली. नथ्थूनाना ओट्यावर चहा घेत होते. ती सरळ बेबाबाईच्या दारात गेली. मधे एक भिंत आहे, मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"अक्का," मेघा म्हणाली, "चांदीले तुमनी नजर नही लागनी. आमनाच घरना करंट लागना. आम्हीन तुमले नको ते बोलनूत. माफ करा."

बेबाबाईचा आवाज आला.

"माफी मंग देखसूत. तुना नवरानी मना घर बी तसाच जोड देल शे, आनि मनी नात रोज मोटरना लोखंडी नळवर तोंड धोस. पहिले नथ्थूले बलाव."

नानांनी चहा तसाच ठेवला आणि पिशवी उचलली.